झाकलेले टिपाड

वैशाख जवळ आल्याची वर्दी मला पंचांगाच्या आधी रिकाम्या भांड्यांकडून मिळते. सकाळची संध्या आटोपून ओसरीवर बसावे, तर गल्लीतून प्लास्टिकची टिपाडे आडवी करून लोटत नेल्याचा पोकळ गडगडाट येतो आणि त्याच्या मागून घागरीवर घागर आदळल्याचा. कडुनिंबाचा मोहोर या दिवसांत मंद, कडसर गंधाने गाव भरून टाकतो. पण त्या गंधातही भांड्याच्या तळाशी राहिलेल्या शिळ्या पाण्याचा वास कोठेतरी मिसळलेला असतो. रोहिणखेडच्या पलीकडच्या या काळ्या मातीच्या गावात मी जन्मलो, संस्कृत शिकवण्याच्या निमित्ताने काही वर्षे चिखलीला राहिलो आणि निवृत्त होऊन पुन्हा येथेच आलो. पावसाळा दर वर्षी वेगळा येतो. कधी लवकर, कधी उशिरा, कधी नुसते ढग दाखवून निघून जाणारा. उन्हाळा मात्र दर वर्षी तोच येतो. त्याची स्मरणशक्ती फार चांगली आहे.

आता दारोदारी नळ आहे. नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येते त्याला सगळे ‘नळाचा दिवस’ म्हणतात, आणि त्या दिवशी कोणी जवळच्या नात्यातल्या लग्नालाही सुखाने जात नाही. नळाला मोटार लावून पाणी ओढणारी घरे कोणती, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मोटारीची घरघर सुरू झाली की गल्लीच्या शेवटच्या घरातला नळ आधी खोकतो, मग नुसती हवा सोडतो, मग गप्प होतो. मोटारवाले गृहस्थ त्याच वेळी दारापुढची धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाईपाने पाणी मारीत असतात. त्यांचे माझे चांगले बोलणे आहे. एकादशीला ते वाकून नमस्कार करतात आणि फराळाचे काय केले म्हणून विचारतात. क्रौर्य बहुधा असेच असते, नमस्कार करणारे. त्याला ओरडण्याची गरज पडत नाही.

आमच्या दोघांच्या घरात पाण्याचा कारभार माझ्या पत्नीच्या हाती आहे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी कढीपत्त्याला, भाजी धुतलेले डाळिंबाला, कपडे खळबळून काढलेले संडासाच्या बादलीत. पाहुण्याच्या पेल्यात घोटभर राहिले तर ते उष्टे म्हणून तुळशीला नाही, पण शेवग्याच्या आळ्यात जाते. मोरीत कधी गेलेले मला आठवत नाही. मी बाहेरून आलो की पाय धुतो तो पेरूच्या आळ्यात उभा राहून. अंगणातल्या नव्या रोपांजवळ तिने मडकी गळ्यापर्यंत पुरली आहेत. त्यांच्या बुडाला बारीक भोक पाडून चिंधीची वात घातली आहे. पाणी मुळांशीच पाझरते, आणि वर पालापाचोळ्याचे पांघरूण असल्यामुळे ऊन त्याला हात लावू शकत नाही. पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी पाईपाने बोअरजवळच्या खड्ड्यात उतरते. तोटी ठिबकू लागली तर वायसर बदलल्याशिवाय मी जेवायला बसत नाही.

हे मी अलीकडे शिकलो असे नाही. आचमनाला तळहातावर उडदाचा एक दाणा बुडेल एवढेच पाणी घ्यावे, हे मला मुंजीच्या वेळीच सांगितले गेले होते. ज्या आचार्यांनी ते मोजमाप सांगितले, ते भरलेल्या नद्यांच्या काठी बसून सांगितले, याचे मला वय वाढत जाते तसे अधिक नवल वाटते. टंचाईने शिकवलेली काटकसर निराळी आणि समृद्धीच्या काठावर बसून स्वीकारलेली निराळी. दुसरीला मी व्रत म्हणतो. परंतु व्रत आपले आणि उपास दुसऱ्याचा, असे तर चालले नाही ना, हे अधूनमधून पाहावे लागते. एका उन्हाळ्याने मला ते दाखवले. तेव्हापासून पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेले टिपाड कोणाच्या ओसरीवर दिसले, की ते कशासाठी राखले आहे असे विचारावेसे वाटते, आणि विचारवत नाही.

तेव्हा नळ नव्हते. गावच्या विहिरीचा तळ फाल्गुनातच दिसू लागला होता आणि कबुतरे धिटाईने खाली उतरून दगडांच्या सांदीतला ओलावा टोचीत. टँकर येई तो आपले पाणी त्या विहिरीत ओतून जाई, आणि काठाला दाटीने उभ्या असलेल्या बाया दोर सोडून तेच पाणी पुन्हा वर ओढीत. खाली पडताना स्वच्छ असलेले पाणी वर येताना चहाच्या रंगाचे होई. घरी आणून त्यात तुरटी फिरवायची, ते निवळायची वाट पाहायची आणि वाट पाहताना ओठांवरून जीभ फिरवायची. त्या दिवसांत पाणी कानांनी ओळखता येई. भरल्या घागरीवर बोट वाजवले तर मुका आवाज येतो, अर्धी घागर बोलते, रिकामी किंचाळते. दुपारी सारे गाव किंचाळत असे.

आमच्या भिंतीला भिंत लावून पार्वताबाईचे घर होते. जन्मभर भाजीपाल्याचा मळा केलेली बाई. पहाटे साडीचा काचा मारून ती पाण्याच्या दांडात अनवाणी उभी राही आणि कुदळीच्या एका फटक्यात वाफ्याचे तोंड उघडून दुसऱ्या फटक्यात मागचे बंद करी. वांग्याच्या वाफ्याला किती आणि मेथीच्या वाफ्याला किती हे तिच्या तळपायांना कळे. केस कंबरेच्या खाली, म्हातारपणी पांढरेशुभ्र झालेले, पण दाट. बाजाराच्या आदल्या दिवशी ती शिकेकाई लावून न्हाई आणि केस पाठीवर मोकळे सोडून पालकाच्या जुड्या बांधत बसे. “गिऱ्हाईक आधी भाजीवालीले पाह्यते, मंग भाजीले,” असे ती माझ्या पत्नीला सांगे.

त्या वर्षी होळीच्या सुमारास ती अंगणात पडली आणि कमरेचे हाड मोडले. या वयात हाड जुळायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तिची खाट ओसरीवर आणली, जेवण घासांवर आले, आणि बुढी काही यंदाचा मृग पाहत नाही असे घराने आणि गावाने न बोलता ठरवून टाकले. घरात तिचा मुलगा किसन आणि सून शोभा. किसन अबोल, कष्टाळू, भांडण दिसले की बैलाच्या पाठीवर हात फिरवीत बसणारा. शोभा वाईट नव्हती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तसे वाटण्याचा संभव आहे. विहिरीचा दोर ओढून तिच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांवर ती चुलीवरची राख दाबून पुन्हा दोर धरी.

मृत्यू आमच्याकडे पाणी फार मागतो. देहाला स्नान घालायचे. खांदा द्यायला आलेले लोक स्मशानातून परत आले की त्यांनी घरात पाऊल ठेवण्यापूर्वी अंघोळ करायची, आणि ते पाणी ज्याच्या घरी दुःख झाले त्याने द्यायचे. मग घर धुवायचे. मागच्या एका टंचाईत एका घरून माणसे कोरडी परतली होती. ती गोष्ट लोक अजूनही त्या घराचे नाव घेऊन सांगत. शोभाने त्याचा धसका घेतला. तिने घागर घागर वाचवून एक निळे टिपाड काठोकाठ भरले, त्याच्या तोंडावर धुतलेल्या धोतराचे फडके सुतळीने बांधले आणि ते ओसरीवर ठेवले. घरात सावली तेवढीच होती. ते खाटेच्या समोर आले. पार्वताबाई कुशीवर वळली की तिला दुसरे काही दिसू शकत नव्हते.

ते पाणी कशाचे, हे कोणी उच्चारले नाही. किसनने स्वतःची अंघोळ बंद केली, बैलांच्या पाण्यात हात आखडला, कपडे घामाने ताठ होईपर्यंत अंगावर राहू लागले. टिपाडाला कोणी हात लावला नाही. उन्हाने पाणी आटे तेव्हा शोभा फडके सोडून पाही आणि दुसऱ्या खेपेची घागर त्यात ओती. त्या आवाजाला पार्वताबाई डोळे उघडी.

तिचे मागणे एकच होते. खाणे नको, औषध नको, शेगावचा अंगारा आणून दिला तो कपाळी लावून घेतला, पण म्हणाली, “मले एक डाव डोक्यावरून न्हाऊ घाला.” शोभा तिचे अंग रोज ओल्या फडक्याने पुसून काढी. केसांपर्यंत ते फडके पोचत नसे. महिनामहिना न धुतलेल्या केसांच्या गाठी झाल्या होत्या, घामाने टाळूला खाज सुटे आणि तिच्याने हात वर नेववत नसे. मग ती डोके खाटेच्या सुंभावर घाशी. भिंतीपलीकडे मी पाठ म्हणत असे तेव्हा ते घासणे मला ऐकू येई.

माझ्या पत्नीने एक दिवस आमच्या घरची घागर उचलून त्यांच्याकडे नेली. शोभा कासावीस झाली. “काकू, आमच्या घरचं मानूस दुसऱ्याच्या पान्यानं न्हाईन का? लोकं आमाले काय म्हनतीन?” पत्नीने पार्वताबाईकडे पाहिले. पार्वताबाईने मान हलवली.

“ने बाई तुही घागर. तुले बी पानी आभाळातून नाई पडत. माह्या घरात माह्या नावाचं टिपाड भरेल हाय. न्हाईन तं त्याच्यातून न्हाईन.”

समोरच्या घरातला तुळशीराम विहिरीकडे जाता-येता ओसरीशी थांबे. चौकशी करताना त्याची नजर आधी खाटेवर, मग टिपाडावर आणि मग रस्त्यावर जाई.

“काय मावशी, कशी हाय तब्येत?”

“हाय तशीच. तुले काऊन एवढी काळजी बे?”

“काळजी नाई व. उद्या टँकर हाय म्हनलं. मंग चार दिवस नाई.”

“मंग उद्या जाऊ म्हनतं का?”

“मी कायले म्हनू? मी आपला टाइम सांगून राह्यलो.”

“बरं सांगतलं. त्या टँकरवाल्याले म्हना, एक शीट रिकामी ठेव. बुढी तुह्याच गाडीत बसून येते.”

ओसरीवरचे सगळे हसले. सर्वांत जास्त ती हसली आणि हसता हसता तिला ठसका लागला. शोभाने गडव्यातून दोन घोट पाजले आणि उरलेले पाणी जपून माठात परत ओतले.

अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे तिला अखजी म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावाने नवी मातीची घागर पाण्याने भरतात, तिच्या तोंडावर खरबूज आणि सांजोरी ठेवतात, आणि उन्हात फिरणाऱ्या आपल्या माणसाला तिकडे तहान लागू नये अशी प्रार्थना करतात. मला हा सण सगळ्या सणांत पवित्र वाटतो. देवाजवळ काही मागायचे नाही, गेलेल्याला पाणी द्यायचे. किसनच्या वडिलांच्या नावाची घागर मांडायची होती म्हणून मला बोलावणे आले. शोभाने घागर काठापर्यंत भरली. इतकी, की खरबूज ठेवताच पाणी बाहेर आले आणि पाटाखालची जमीन काळी झाली. संकल्प सांगून होईपर्यंत पार्वताबाई त्या काळ्या ओल्या जागेकडे पाहत होती.

“गुरुजी, त्याले पोचते का हे पानी?”

“श्रद्धेने दिले तर पोचते, असे शास्त्र सांगते.”

“मंग मी तिकडंच जाऊन त्याच्या घागरीतून डोकं धुतो. इथं तं मेल्याशिवाय कोनी देत नाई.”

शोभा म्हणाली, “आत्याबाई, गुरुजीसमोर असं बोलू नका. रोज पुसून देत नाई का मी तुमचं अंग?”

“पुसनं आन न्हानं एक हाय का व? भाजीचा खरकटा गंज पुसला तं घासल्यावानी होते का?”

तेव्हा मी किसनला जवळ बसवले आणि सांगितले. स्नानाचे प्रकार शास्त्राने सात सांगितले आहेत. पाण्यात उतरून केलेले ते वारुण. अंगाला शुद्ध माती लावली तर ते भौम. भस्म लावले तर आग्नेय. गाई घरी परतताना खुरांची धूळ अंगावर घेतली तर वायव्य. ऊन असताना पडलेल्या पावसात उभे राहिले तर दिव्य. नुसत्या मंत्राने मांत्र, आणि मनात ईश्वराचे ध्यान केले तरी ते मानस स्नानच. स्मशानातून आलेल्यांना पाण्याची टंचाई असेल तर भस्म लावून, मंत्र म्हणून त्यांची शुद्धी होते; आपत्काळात दोष लागत नाही. मी लोकांना तसे सांगेन. हे टिपाड सोडा आणि आईला न्हाऊ घाला.

किसनने बायकोकडे पाहिले. शोभा हातातले काम थांबवून ऐकत होती. तिने विचार केला आणि अगदी मनापासून विचारले, “राख लावली तं न्हानं होते, गुरुजी?”

“होते.”

“खरंच शास्त्रात हाय?”

“आहे.”

“मंग आत्याबाईलेच राख लावत जातो ना मी. मयताले आलेल्या लोकायच्या हातावर राख कशी ठेवाव? बरं दिसते का ते? घरच्या मानसाले चालते.”

मी म्हणालो की भस्माने शुद्धी होते, टाळूची आग थांबत नाही. ही सवलत ज्याची त्याने घ्यायची असते. शोभाने सारे नम्रपणे ऐकून घेतले. “पन शास्त्र तं एकच असते ना, गुरुजी,” ती म्हणाली. तिच्या स्वरात वाद नव्हता. एक मोठे ओझे उतरल्यासारखी ती दिसत होती. आजवर सासूला न्हाऊ घालत नाही हे तिला खात होते, आणि आता तिला न्हाऊ घालण्याचा मार्ग सापडला होता.

दुसऱ्या दिवसापासून तिने गोवऱ्यांची राख मलमलीतून गाळली आणि भक्तीने, हलक्या हाताने, सासूच्या कपाळाला, दंडांना आणि केसांच्या भांगात लावू लागली. राख घामात मिसळे, वाळे आणि केसांच्या गाठी अधिक घट्ट होत. मी मंदिराकडे निघालो होतो तेव्हा पार्वताबाईने हाक मारली. सबंध चेहरा राखाडी झाला होता आणि त्यात डोळे तेवढे ओले होते.

“पाहा गुरुजी, मले जितेपनीच महादेव करून ठेवलं.”

तिने माझ्या हातातल्या पूजेच्या तांब्याकडे पाहिले.

“महादेवाले राख लावते तं वरतून गळती बी टांगते. माही गळती कुठं हाय?”

आमच्या महादेवावर वैशाखभर गळती असते. बुडाला भोक पाडलेले तांब्याचे भांडे पिंडीवर टांगतात आणि त्यातून थेंब थेंब पाणी अखंड पडते. त्या वर्षी आम्ही ते पाणी खाली कुंडीत धरून पुन्हा वर भरत होतो. देवाने तक्रार केली नाही. त्या दिवशी मी गाभाऱ्यात बराच वेळ बसलो. एक थेंब पिंडीवर पडे, फुटे, उतारावरून ओघळे आणि कुंडीत मिळे. थंड दगडाचा आणि बेलाचा वास होता. बाहेर पिंपळाची पाने उन्हात पत्र्यासारखी वाजत होती. देव आणि ती बाई यांच्यात एका ओसरीचे अंतर होते, आणि ते मला ओलांडता येत नव्हते.

मी त्या सात स्नानांचा पुष्कळ विचार केला आहे. ज्यांनी ती सांगितली त्यांच्या करुणेपुढे मस्तक नमते. ज्याच्याजवळ पाणी नाही त्याला अपवित्र म्हणण्याचे त्यांनी नाकारले. कोरड्या प्रदेशातून चाललेला यात्रेकरू, तापाने फणफणलेला ब्रह्मचारी, धुळीत गुरे राखणारा गुराखी, सर्वांसाठी त्यांनी देवाचे दार उघडे ठेवले. त्या दाराला बाहेरून कडी घालता येते, ही कल्पना त्यांना आली नसावी. सवलत ही जो घेतो त्याच्या हातात धर्म असते. दुसऱ्याच्या वाट्याला ढकलली की ती शिक्षा होते, शब्द तेच राहतात.

परवा येथल्या शाळेतल्या तरुण शिक्षिकेने मला पाणी वाचवण्यावर मुलांपुढे बोलायला बोलावले. भिंतीवर मुलांनी थेंबाची चित्रे काढली होती, प्रत्येक थेंबाला डोळे आणि हसू. मी दात घासताना नळ बंद ठेवण्याचे सांगितले, शॉवरऐवजी बादली सांगितली, मडक्यांची युक्ती सांगितली. मुले शहाणी आहेत. त्यांना हे सारे माहीत होते. शेवटी मी म्हणालो, घरात पाणी वाचले की ते कोणाच्या अंगावरून वाचले हे पाहत जा. शिक्षिका हसून म्हणाल्या, हे त्यांना थोडे जड जाईल. जड आहे खरे.

वैशाख चढत गेला. राख रोज लागत होती. पार्वताबाईचे बोलणे आधी कमी झाले, मग थट्टा थांबली, मग न्हाण्याचे मागणेही थांबले. “आता समजूत आली बुढीले,” असे शोभा माझ्या पत्नीला समाधानाने म्हणाली. पार्वताबाई टिपाडाकडे पाठ करून निजू लागली होती. कूस बदलवली की कण्हे, आणि तशीच पुन्हा भिंतीकडे वळे.

एका सकाळी, दोर आणि घागरी घेऊन सारी गल्ली रिकामीच परतत असताना, ती गेली. टँकरचा दिवस नव्हता. तुळशीराम टोपी काढून ओसरीवर बसला आणि म्हणाला, “आयकलं नाई मावशीनं.” त्याचे डोळे भरून आले होते, हेही मला सांगितले पाहिजे.

मग फडक्याची सुतळी सुटली. अंगणात तीन दगड मांडून पाणी तापवले. बायांनी साड्यांचा आडोसा धरला आणि आत काय झाले ते माझ्या पत्नीने मला नंतर सांगितले. शोभाने शिकेकाई उकळली होती. तिने सासूचे डोके मांडीवर घेतले आणि बोटांनी एकेक गाठ सोडवली. वरून गडव्यामागून गडवा पाणी सोडले. आधी राखेचे काळे पाणी निघाले, मग करडे, मग स्वच्छ. केस पुन्हा पांढरे झाले आणि पाटावरून खाली सांडले. “पाहा व बायांनो, कसे मऊ झाले,” असे म्हणून शोभा हंबरडा फोडून रडली. तिचे रडणे खरे होते. पाण्याच्या बाबतीत तिने कसलीही कसर ठेवली नाही.

तिरडी निघाली तेव्हा माणसे मला वाटली त्याहून थोडी होती. चिखलीहून पार्वताबाईच्या भावाकडून निरोप आला होता, की आधीच तुमच्याकडे पाण्याचे हाल, त्यात आमचा भार नको, दहाव्याला येतो. आजूबाजूच्या खेड्यांतले सोयरेही त्याच विचाराने थांबले. गावातले जे आले ते खांदा देऊन, सारे यथासांग करून परत फिरले. किसनच्या दाराशी शोभाने बादल्या मांडून ठेवल्या होत्या. तुळशीराम पायरीच्या अलीकडेच थांबला आणि त्याने हात जोडले.

“आमच्यासाठी पानी नका काढू, वैनी. घरी जाऊन दोन गडवे घेतो मी. तुमचं वाचवा.”

त्याच्या मागचा म्हणाला, “हाव, आमचं बी तेच. अशा दिवसात कोनाच्या घरचं पानी सांडवाव का?”

एकेकाने हात जोडले. शोभा प्रत्येकाला “न्हाऊन जा ना, भाऊ” म्हणत होती, आणि प्रत्येक जण मागे सरत होता. इतका सौजन्याचा समुदाय मी क्वचित पाहिला आहे. त्या घराचे पाणी वाचावे म्हणून सारे गाव कोरड्या अंगाने आपापल्या दारी गेले. किसनने एकट्याने एक बादली अंगावर घेतली. घर धुऊन झाले.

मी घरी वळणार, तो शोभाने थांबवले. ती टिपाडाच्या काठावर दोन्ही हात ठेवून आत पाहत होती. मीही पाहिले. टिपाड अर्ध्याहून अधिक भरलेले होते.

“गुरुजी, हे उरलं,” ती म्हणाली. तिचा आवाज फार बारीक झाला होता. “आता हे कायले चालते?”

“सगळ्याला चालते,” मी म्हणालो. “जनावरांना पाज, झाडांना घाल, तुम्ही दोघे अंघोळीला घ्या. पाण्याला सुतक नसते.”

किसन ओल्या धोतरानिशी भिंतीला टेकून उभा होता. सबंध उन्हाळ्यात त्याने माझ्यापुढे दहा वाक्ये उच्चारली नसतील. तो पुढे आला.

“नाई, गुरुजी. ते मायचं पानी हाय. आमी कसं घेवाव?”

त्या टिपाडाला आपले म्हणणारी आजवर पार्वताबाई एकटीच होती. शोभाने काठावरचे हात काढून घेतले. किसनने टिपाडाला खालून हात घातला, छातीचा जोर लावला आणि ते दाराबाहेर कलते केले. पाणी एकदम बाहेर आले, राख आणि काड्या पुढे लोटीत गल्लीच्या उताराला लागले. विहिरीवरून रिकाम्या घागरी घेऊन येणाऱ्या दोन बाया मयताच्या पाण्याचा पायाला स्पर्श नको म्हणून ओट्यावर चढल्या आणि ते खालून वाहून जाईपर्यंत साडीचा घोळ उचलून उभ्या राहिल्या. किसनने टिपाड उभे केले आणि भिंतीशी नेऊन ठेवले. तो मागे वळला तोवर जमीन कोरडी झाली होती.